टिंब वर, टिंब खाली

मला उर्दूतली दोनच अक्षरं येतात, आणि त्या दोन अक्षरांच्या जोरावर मी एकदा आठ गर्भांची आणि एका भल्या माणसाची वाट लावली होती.

तेव्हा मी परभणीला पशुवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेत होते. साल नेमकं सांगत नाही, पण भिंतींवर नामांतराच्या घोषणा होत्या, एका बाजूच्या पुसून दुसऱ्या बाजूच्या लिहिल्या जात होत्या, आणि बंद कधी पुकारला जाईल याचा नेम नव्हता. वडील सेलूला शाळेत मास्तर. मुलीनं शिकावं असं त्यांना मनापासून वाटायचं, फक्त मी नेमकं काय शिकते हे लोकांना सांगायची वेळ आली की ते चष्मा पुसायला लागायचे. मानवतच्या मावशीनं तो प्रश्न सोडवून टाकला होता. आमची पोरगी परभणीला उंदरांची बाळंतपणं करते, असं ती लग्नाकार्यात सांगायची. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, की मग पुढं ती होणार कोण. त्याचं उत्तर मावशीकडे नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

मावशीचं तसं फार चुकत नव्हतं. उंदरीच्या पोटातला तीन-साडेतीन दिवसांचा गर्भ म्हणजे सुईच्या टोकाहून बारीक, पेशींचा एक पोकळ गोळा. त्यात बाहेरच्या पेशींचं ठरून गेलेलं असतं: त्या वार होणार, पिल्लाला पोसणार आणि पिल्लू जन्मलं की पडून जाणार. आत मात्र एक छोटा पुंजका असतो आणि त्याचं काहीच ठरलेलं नसतं. कातडी, हाड, मेंदू, शेपूट, काहीही होऊ शकतं. अशा न ठरलेल्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं आणि पेशीनं एकदा काय व्हायचं ते ठरवलं की ते नाहीसं होतं. ते प्रथिन सापडलं की ही पेशी अजून कोरी आहे असं म्हणायला आपण मोकळे. ते सापडवणं हा माझा विषय.

डोळ्यांना ते दिसत नाही, म्हणून ओळखणारा कोणी तरी लागतो. आमच्या सरांनी परदेशातल्या एका जुन्या मित्राकडून त्या प्रथिनाची चिमूटभर पूड मिळवली होती. ती सशाला टोचायची. सशाच्या रक्ताला ती परकी वाटते आणि तिला नेमकी ओळखून धरणारी अँटिबॉडी त्याच्या रक्तात तयार होते. मग रक्त काढायचं, ते गोठलं की वर येणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, जपून ठेवायचं. पुस्तकात अँटिबॉडीला प्रतिपिंड असा शब्द होता आणि तो मी मोठ्या हौसेनं मामांसमोर वापरला. मामांनी हातातलं काम थांबवून विचारलं, की ससा तर जित्ता हाय, मग पिंड कुणाचे. त्यानंतर मी अँटिबॉडीच म्हणू लागले.

मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. सगळे त्यांना मामाच म्हणत, सरसुद्धा. मूळचे वालूरचे, घरची थोडी शेती, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. निजामाच्या काळात गावात चौथीपर्यंत शिकले, तेही उर्दूतून. बोलायचे मराठी, देवाचं म्हणायचे मराठी, पण हातात पेन आलं की ते उजवीकडून डावीकडे चालायला लागायचं. प्रयोगशाळेतल्या अर्ध्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या होत्या. सर कुरकुरायचे, मामा हो म्हणायचे, आणि पुढची चिठ्ठी पुन्हा उर्दूत.

आमच्याकडे सुरुवातीला तीन ससे होते. दोन पहिल्याच उन्हाळ्यात गेले. उरलेल्याला मामांनी इतकं जपलं की आम्ही त्याला जावई म्हणायचो. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट, दुपारी कोथिंबिरीचे देठ, आणि सीरमसाठी कानातून रक्त काढायचं म्हटलं की मामांच्या तोंडावर अशी कळा यायची की वाटावं कान त्यांचाच आहे. मागच्याच म्हैन्यात तर काढलं, असं ते पुटपुटायचे.

सीरमच्या बाटल्या बोटाच्या पेराएवढ्या. त्यावर पूर्ण शब्द मावत नाही म्हणून मामा चिकटपट्टीवर एकच अक्षर लिहीत. टोचलेल्या सशाचं सीरम, म्हणजे आमची अँटिबॉडी, त्या बाटलीला लाल दोरा होता, तिचा प्रश्न नव्हता. प्रश्न उरलेल्या दोन बाटल्यांचा. एकीत शेळीचं साधं सीरम, दुसरीत त्याच जावयाचं टोचण्याआधीचं साधं सीरम, तुलनेसाठी राखून ठेवलेलं. शेळीच्या बाटलीवर बकरीचा ब, सशाच्या बाटलीवर खरगोशचा ख. मी मामांना एकदा ती अक्षरं शिकवायला लावली. त्यांनी मला सोपं करून सांगितलं: टिंब खाली ती बकरी, टिंब वर तो खरगोश. मला एवढं पुरेसं वाटलं. दुसऱ्या दिवशी वसतिगृहात मी मैत्रिणींना सांगून मोकळी झाले की मला उर्दू वाचता येतं.

आता शेळीचं सीरम कशाला, तर हे मामांनीच मला नीट समजावलं, म्हणजे मी त्यांना समजावलं आणि त्यांनी ते माझ्याहून चांगलं मला परत सांगितलं. अँटिबॉडी ओळखीच्या जागी बसते हे खरं, पण इकडेतिकडे रिकामी जागा दिसली तर तिथंही उगाच चिकटते. म्हणून आधी स्लाइडवर शेळीचं सीरम घालायचं, म्हणजे रिकाम्या जागा भरून जातात. मामा म्हणाले, म्हंजी यष्टीत खिडकीतून रुमाल टाकायचा. अगदी तसंच. मग सशाची अँटिबॉडी घालायची, तिला फक्त तिची हक्काची जागा मिळते. शेवटी दुसरी एक अँटिबॉडी, ही बाहेरून विकत मागवलेली. ती जिथं सशाचं काही दिसेल तिथं जाऊन बसते आणि त्या जागेला तपकिरी रंग आणते. सगळं नीट झालं तर आतला पुंजका तपकिरी, बाकीचं सगळं फिकट.

आणि समजा रुमालच सशाचा टाकला तर काय होईल, हे तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

सरांनी मला विषय दिला तो जरा नाइलाजानंच. मुलींचा हात अशा कामाला स्थिर नसतो असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, की एक मोठी चूक झाली की हा विषय बंद, मग तालुक्यातल्या म्हशींची पाहणी करायची आणि तक्ते भरायचे. म्हशींशी माझं वैर नाही, पण त्या दिवसापासून मी हात स्थिर ठेवायची सवय लावून घेतली होती. डोकं स्थिर ठेवायचं राहून गेलं.

तो दिवस शनिवारचा. मामा भाचीच्या लग्नाला वालूरला गेलेले. उन्हाळ्यात उंदरी नीट गाभण राहत नाहीत, महिनाभर वाट बघून मला आठ गर्भ मिळाले होते. सकाळीच लाईट गेली. फ्रीजमधलं सगळं वाचवायला मी बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर गोणपाटात गुंडाळून बर्फ आणला, थर्मासमध्ये फोडून भरला आणि बाटल्या त्यात खोचल्या. बुडं वर, बुचं खाली. बूड रुंद असतं, बर्फातून चटकन उचलता येतं. या युक्तीचं मला स्वतःला कौतुकही वाटलं.

मग कामाला लागले. थर्मासमधून एक बाटली बुडाला धरून वर काढली, तशीच डोळ्यांसमोर धरली. टिंब खाली. बकरी. मग बाटली सुलटी केली, बूच उघडलं. मध्ये पुन्हा एकदा चिठ्ठी बघायची गरज ज्याला वाचता येत नाही त्याला. मला येत होतं.

दुपारी सर आले. तोवर लाईटही आली होती. मी मायक्रोस्कोपपासून बाजूला झाले, कारण मला आधीच दिसलं होतं. आतला पुंजका तपकिरी, बाहेरच्या पेशी तपकिरी, काच तपकिरी. आठपैकी दोन गर्भ पडताळणीसाठी वेगळे ठेवलेले होते, त्यांना लाल दोऱ्याच्या बाटलीतलं काही लावलेलंच नव्हतं. तेही तपकिरी. सर बराच वेळ बघत राहिले. त्यांनी विचारलं, की आधी काय घातलं. मी म्हणाले, शेळीचं सीरम, सर.

सरांचा राग मोठ्या आवाजाचा नव्हता. त्यांनी शांतपणे मला समजावलं, की अँटिबॉडी न लावलेलंही रंगतं म्हणजे पहिल्याच पायरीला सशाचं सीरम पडलंय. म्हणजे शेळीच्या चिठ्ठीच्या बाटलीत ससा आहे. म्हणजे मामांनी अदलाबदल केली. या लिपीचा घोळ एक दिवस होणारच होता, असं म्हणून ते गेले. दुसऱ्या अँटिबॉडीचा आता फक्त एक प्रयोग होईल इतकाच थेंब उरला होता. मला मामांचा असा राग आला म्हणून सांगू. महिनाभराची मेहनत, आणि या माणसाला दोन चिठ्ठ्या नीट चिकटवता येऊ नयेत.

त्या रागातच मी आवराआवर करायला घेतली. बाटल्या बर्फातून काढून, पुसून, फ्रीजमध्ये ठेवण्याआधी ओळीनं टेबलावर उभ्या केल्या. बुडं खाली, बुचं वर, जशा त्या असायच्या. आणि मी सकाळी वापरलेल्या बाटलीवरचं टिंब वर होतं.

मी ती उचलून उलटी केली. टिंब खाली. सुलटी केली. टिंब वर. मामांचं खरगोशचं ख डोक्यावर उभं राहून मला बकरी वाटलं होतं. मला अक्षर येतच नव्हतं, मला फक्त टिंब येत होतं. मी स्टुलावर बसून राहिले. लाज वाटली हे खरं, पण त्याहून आधी म्हशी डोळ्यांसमोर आल्या हेही खरं, आणि ते लिहायला मला आजही बरं वाटत नाही.

सोमवारी मामा आले. लग्नातले लाडू कागदात बांधून आणले होते. मला गप्प बघून त्यांनी शनिवारचं विचारलं. लाईट गेली होती, बर्फ आणला, एवढं मी सांगितलं. थर्मास पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, की बाटल्या कशा ठिवल्या होत्या. बुडं वर, मी म्हणाले, म्हणजे पटकन निघतात. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा पुसायला लागला.

थोड्या वेळानं सर आले. त्यांनी त्या दोन बाटल्या मामांपुढे ठेवल्या आणि काय घोळ झाला ते सांगितलं. मामांनी बाटल्या उचलून बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते. मामा म्हणाले, "असंल साहेब. आताशा डोळ्याला कमी दिसायलंय."

सरांनी लगेच निकाल दिला. एक तारखेपासून मामांची रवानगी शेळ्यांच्या गोठ्यावर, आणि सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून मी इंग्रजीत नव्या लावायच्या. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, की चला, बाटल्यांचं नामांतर. त्या दिवसांत तो शब्द इतका तापलेला होता की कोणी हसलं नाही. मामाही हसले नाहीत, आणि एरवी ते फालतू विनोदालाही हसून दाद देत.

एक तारखेला चार दिवस होते. गोठा म्हणजे काही अंदमान नव्हे, हे मी स्वतःला बजावत होते. पण तिथं दिवसभर उभं राहावं लागे आणि मामांचे गुडघे कधीचे गेले होते. शिवाय जावई इथंच राहणार होता. मंगळवारी मामा मला त्याचं सगळं समजावून सांगायला लागले. देठ धुऊन द्यायचे, कोबी द्यायचा न्हाई, पोट फुगतं, गोणपाट दुपारी दोनदा भिजवायचं. सासरी जाणाऱ्या मुलीची आई सूचना देते तसं चाललं होतं, फक्त जाणारे ते होते. मी वहीत लिहून घेत होते. एका शब्दानंही ते शनिवारबद्दल बोलले नाहीत. त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

बुधवारी मी ब्लेड घेऊन चिठ्ठ्या खरवडायला बसले. आम्लांच्या बाटल्या झाल्या, मिठाच्या द्रावणाच्या झाल्या. मग ती बाटली हातात आली. चिकटपट्टीवरचं ते अक्षर इतकं नीट होतं. पोट गोल, वर टिंब, अगदी मधोमध. डोळ्यानं कमी दिसणाऱ्याचं टिंब असं मधोमध पडत नाही. माझ्याच्यानं ब्लेड लावलं गेलं नाही.

मी बाटली घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवली, उलटी. म्हटलं, सर, शनिवारी मी ही अशी धरून वाचली. मग सुलटी केली. म्हटलं, चिठ्ठी बरोबर आहे, बाटली बरोबर आहे, मी उलटी वाचली. सरांनी विचारलं, हे मला कधी समजलं. शनिवारीच, मी म्हणाले. आज बुधवार, एवढंच ते बोलले. मला रडू आवरेना आणि सरांसमोर रडायचं नाही असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलेलं होतं, त्यामुळे फार विचित्र आवाज निघत होते.

सरांनी मामांना बोलावलं. विचारलं, की बाटल्या बर्फात उलट्या होत्या हे त्यांना ठाऊक होतं का. मामांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, डोळ्याचं खरंच हाय साहेब, जरा कमीच दिसतं. सरांनी चष्मा काढला, मग पुन्हा घातला. सेलूचे माझे वडील आणि सर यांच्यात हे एक साम्य होतं, अडचण आली की दोघांचाही हात चष्म्याकडे जायचा. मग सर म्हणाले, की मामांनी इथंच राहावं आणि उरलेल्या चिठ्ठ्याही आहेत तशाच राहू द्याव्यात. पण गोठ्यावर माणूस पाठवतो असं त्यांनी कळवलेलं होतं, शेळ्या वाट बघत असतील. तेव्हा आठवडाभर मी जाईन, आणि येताना शेळीचं ताजं सीरम स्वतः काढून आणीन. चिठ्ठीसह. म्हशींचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आठ दिवस मी शेळ्यांच्या लेंड्या काढल्या. मावशीपर्यंत ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पण आता पोरगी बढती मिळून शेळ्यांवर गेली असं ती सांगू लागली.

पुढचे गर्भ मिळायला पाऊस पडून उंदरींना जरा गार व्हावं लागलं. या वेळी पाचच मिळाले, आणि दुसऱ्या अँटिबॉडीचा शेवटचा थेंब. मामा शेजारी उभे. प्रत्येक बाटली मी त्यांच्यासमोर धरायची, त्यांनी मान हलवायची, मगच बूच उघडायचं. हा नियम मीच केला होता. शेवटचा रंग चढायला लागला तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते, मामा दाराकडे, आणि जावई, मला वाटतं, आम्हा दोघांकडे.

मायक्रोस्कोपला डोळा लावला. बाहेरचं कडं फिकट, जवळजवळ काचेसारखं. आत एका बाजूला चिकटून बसलेला तो पुंजका, तपकिरी. पडताळणीचा गर्भ सगळाच्या सगळा फिकट. मी उठले आणि मामांना बसवलं.

त्यांना एक डोळा मिटून बघायला जमत नसे, म्हणून त्यांनी हातानं डोळा झाकला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, की हे मदलं रंगलंय ते अजून ठरायचंय ते, व्हय ना. मी हो म्हणाले. आन् ह्ये कडंचे बिनरंगाचे, ह्यांचं ठरलेलं. हो, त्यांची वार होणार. मामा पुन्हा बघू लागले.

इतके दिवस जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं, त्यांच्या पाठीकडे बघत. त्यांनी स्वतःवर का घेतलं होतं.

मामांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. "मी कडंचा हाय पोरी," ते म्हणाले. "माजं जे व्हायचं ते होऊन बसलंय. हितं राह्यलो काय आन् गोठ्यावर गेलो काय. तुजं अजून काय बी होऊ शकतं. ते म्हशींत घालवायचं कामून, खामखा."

मी त्यांच्या मागे उभी राहून रडले, या वेळी नीट, आवाज न करता. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण ते उठले, खांद्यावरच्या पंच्यानं मायक्रोस्कोपची कड पुसली आणि दुसऱ्या प्रयोगासाठी बाहेर ठेवलेल्या बाटल्या एकेक करून फ्रीजमध्ये ठेवू लागले. शेवटची बाटली त्यांनी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, ही कोनाची.

मी बघितलं. टिंब खाली होतं. बकरी, मी म्हणाले.

मामांनी बाटली मुठीतून बाहेर काढून दाखवली. बूच खालच्या बाजूला होतं.